३१.६

माझ्या वहीत २५ मेच्या ओळीत, पावसाच्या रकान्यात ३१.६ मिलिमीटर लिहिलं आहे. तिच्या वरच्या ओळीत, २४ मेला, ०.०. दोन्ही आकडे बरोबर आहेत. आणि गारा पडल्या त्या २४ ला, दुपारी चार वीसला, माझ्या डोळ्यांदेखत.

परतवाडा सोडून गाविलगडाच्या डोंगराकडे निघालं की सपाटी संपून चढ लागतो, त्या चढावर आमचं घर. ओसरीत बसलं की खाली संत्र्याच्या बागा दिसतात, मागे वळलं की सागाचं रान. मे महिन्यात सागाला पान नसतं. ते सगळं खाली पडलेलं असतं, आणि त्यावरून साधा सरडा गेला तरी कोणीतरी बूट घालून येतंय असं वाटतं. पाहुणे पहिल्या रात्री झोपत नाहीत.

मी अंशकालीन हवामान निरीक्षक. सकाळी साडेआठ आणि संध्याकाळी साडेपाच, या दोन वेळा माझ्या. मानधन किती ते सांगत नाही, त्यात उन्हाळ्यातलं कूलरचं बिलसुद्धा निघत नाही. १९ वर्षांत एक वाचन चुकलं नाही असं म्हणणार होतो, पण लेकीच्या लग्नात वरात दारात असताना साडेपाचचं वाचन बायकोने घेतलं होतं. माझ्यापेक्षा नीट घेतलं होतं.

घराच्या उत्तरेला मोकळ्या जागेत झडपांची पांढरी पेटी चार पायांवर उभी आहे. तिचं दार उत्तरेला असतं, म्हणजे उघडलं तरी ऊन आत शिरू नये. पुस्तकात एवढंच लिहितात. मेच्या शेवटी आमच्याकडे सूर्य मावळतीला उत्तरेकडे सरकलेला असतो आणि साडेपाचला तिरपं ऊन थेट दारातून आत येतं, हे पुस्तकात नाही. मी तेव्हा उजव्या अंगाला छत्री धरून दार उघडतो. आत चार थर्मामीटर: कोरडा, ओला, कमाल, किमान. आधी दशांश वाचायचा, मग पूर्ण अंश, कारण तोंड जवळ नेलं की श्वासाने पारा चढायला लागतो आणि पहिला फरक दशांशात पडतो. ओल्याच्या फुग्यावर पाण्याने भिजवलेली मलमल असते; त्याच्या आणि कोरड्याच्या अंतरावरून हवेतली ओल कळते. आमच्या धुळीने ती आठ दिवसांत मातकट होते, आणि विहिरीचं पाणी क्षाराचं, म्हणून मी पावसाळ्यात पन्हाळीचं नव्हे, उघड्यावर पातेलं ठेवून धरलेलं पाणी बाटल्यांत भरून ठेवतो. गावात याची चेष्टा होते. "थर्मामीटरवाले काका पाऊस बाटलीत भरते."

चेष्टा चालेल. भांडण होतं ते आकड्यावरून. माझा पारा ४३ सांगतो तेव्हा मोबाईल ४६ सांगतो, आणि उन्हात उभ्या केलेल्या गाडीतला काटा ४९. लोकांना मोठा आकडा आवडतो. २०२४ च्या मे महिन्यात नागपुरात एका स्वयंचलित यंत्राने ५६ अंश दाखवले तेव्हा गावातल्या पानठेल्यावर अक्षरशः आनंद झाला होता. सेन्सर बिघडला होता हे नंतर जाहीर झालं, ते कोणी ऐकलं नाही. तापमान सावलीतल्या हवेचं मोजतात, तापलेल्या टिनाचं नाही, हे मी सांगणं सोडून दिलं आहे.

तर २४ मे. दुसऱ्या दिवसापासून नवतपा, म्हणजे उन्हाळ्याचे सर्वांत तापते नऊ दिवस, लागणार होता. सकाळी किमान ३०.४, म्हणजे रात्रभर अंगण निवलंच नव्हतं. दुपारी अडीचचं वाचन माझ्या कामात नाही, पण मन राहवेना म्हणून पेटी उघडली: कोरडा ४३.२, ओला २२.६. वीस अंशांचं अंतर. हवेत ओल सोळा-सतरा टक्के. अशा हवेत वाळत घातलेलं धोतर दुसरं टोक दोरीवर टाकेपर्यंत वाळतं. पाऊस येईल असं त्या आकड्यांत काहीही नव्हतं.

ढग मात्र होता. एकच्या सुमाराला डोंगरामागून फुलगोबीसारखा वर आला आणि तीनपर्यंत त्याचं डोकं पसरून लोहाराच्या ऐरणीसारखं झालं. पोट आधी निळं होतं, मग हिरवट. ते हिरवट पोट पाहिलं की मी पेटीचं दार तपासून येतो. बागेतली वानरं कोणी न हाकलता उठली आणि नाल्यातल्या गावरान आंब्यावर जाऊन गप्प बसली. सातभाईंचा दिवसभर चालणारा कलकलाट थांबला. पश्चिमेचा वारा थांबला. पाच-सात मिनिटं बहाव्याचा एक पिवळा घोससुद्धा हलला नाही. मग उलट्या बाजूने, डोंगरावरून खाली, गार वारा आला. नुसता वारा नाही, वावधन. वाळलेल्या सागाच्या पानांची अख्खी भिंत अंगणातून गेली.

पहिली गार टिनावर पडली तेव्हा बायकोला वाटलं पोरांनी दगड मारला. दुसरीला आम्ही दोघंही काही बोललो नाही. पुढची पंचवीस मिनिटं बोलून उपयोगही नव्हता, ऐकूच आलं नसतं.

थांबल्यावर घड्याळ पाहिलं, चार पंचेचाळीस. साडेपाचला अवकाश होता, म्हणून मी वहीच्या शेऱ्यात लिहिलं: "१६:२० ते १६:४५ गारा, वारा ईशान्येकडून." सर्वांत मोठी गार पट्टीवर ठेवली. ३.२ सेंटिमीटर. आत कांद्यासारखे पापुद्रे, एक धुरकट एक काचेसारखा. पट्टीसकट मोबाईलवर फोटो काढला आणि ती स्टीलच्या डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवली. लाइन गेली होती हे लक्षातच नव्हतं. ती दोन दिवस आली नाही. तिसऱ्या दिवशी डब्यात चमचाभर पाणी होतं.

तेवढ्यात खालून हाक आली. आमच्या खालची बाग ज्याची आहे तो पोरगा, पोरगा म्हणजे पस्तिशीचा, त्याच्या गोठ्याची टिनं उडून गाईवर पडली होती. मी गेलो. गाय वाचली, एक शिंग गेलं. पण बाग पाहून मी परत फिरून वर बघितलं, कारण त्याच्या तोंडाकडे बघवत नव्हतं. अंबिया बहाराची फळं लिंबाएवढी झाली होती. झाडाखाली पानं, फळं आणि बर्फ यांचा घोटाभर थर. फांद्यांची साल वरच्या बाजूने सोललेली, जणू कोणी विळ्याने तासली. चिंचेखाली पंचवीस-तीस पोपट मरून पडले होते, आणि त्याची लहान मुलगी ते एका रांगेत मांडत होती.

परत आलो तेव्हा सहा दहा झाले होते. वाचन घेतलं आणि वेळ १८:१० लिहिली. नंतर वरच्या कार्यालयातून फोन आला, "साडेपाच करून टाका, पुढे अडचण नको." केलं नाही. साडेपाचला मी गाईपाशी होतो, पेटीपाशी नव्हतो. कमाल ४३.८ होता, तो ठीक, कारण कमालच्या नळीत पारा अडवणारी चिमटी असते, एकदा चढला की झटकल्याशिवाय उतरत नाही. किमानवर मात्र माझा विश्वास बसेना. त्यात अल्कोहोलमध्ये काचेची बारीक कांडी असते. पेटी गदागदा हलली तर ती आपली आपण फुग्याकडे घसरू शकते. कांडी १६.८ दाखवत होती. खरोखर हवा एवढी उतरली की कांडी हलली? मी १६.८ लिहून पुढे प्रश्नचिन्ह टाकलं. तो प्रश्न अजून तसाच आहे.

आता पाऊस. पर्जन्यमापकाचं तोंड २०० चौरस सेंटिमीटर, म्हणजे वीतभर, जमिनीपासून साधारण फूटभर उंच. नरसाळं गारांनी गच्च भरून वर शीग लागली होती. गारा अशा मोजता येत नाहीत, वितळू द्याव्या लागतात, पण वितळायची वाट पाहिली तर तोपर्यंत उडूनही जातं. रीत अशी: मोजून गरम पाणी ओतायचं, सगळं वितळलं की मोजायचं, ओतलेलं वजा करायचं. लाइन नाही म्हणून बायकोने चूल पेटवली. सरपण भिजलेलं. अर्धा तास धूर. मी मापाच्या ग्लासात बरोबर १० मिलिमीटर कोमट पाणी घेतलं आणि थोडं थोडं नरसाळ्यावर सोडलं. गारा आधी कुरकुरल्या, मग एकदम खचल्या. ग्लास एका वेळी २० मिलिमीटरचाच, म्हणून तीनदा भरला: वीस, वीस, एक पूर्णांक सहा. दहा वजा. ३१.६.

त्या कामाचा मला अभिमान आहे, हे लपवत नाही. धुराने डोळे गळत असताना, बॅटरीच्या उजेडात, पाण्याची पातळी डोळ्यासमोर आणून वाचलेला तो आकडा आहे. आणि तो कमी आहे हेही मला माहीत होतं. वीतभर तोंडाच्या भांड्यावर एवढ्या गारा पडल्या की कितीतरी टणकन उसळून बाहेर जातात. किती गेल्या ते कोणी मोजू शकत नाही. शेऱ्यात लिहिलं: "गारा उसळून बाहेर, मोजमाप कमी."

रात्री नऊला पोरगा आला. ट्रॅक्टरच्या बॅटरीवर मोबाईल चार्ज करून विम्याची सूचना ७२ तासांच्या आत टाकायची होती, तेवढं मीच त्याला सांगितलं होतं. झाल्यावर तो ओसरीत बसून राहिला.

"काका, किती भरला?"

"एकतीस पूर्णांक सहा."

"पासष्ट लिवा ना."

पासष्ट हा आकडा आता शेतकऱ्याच्या पोरालाही पाठ आहे. चोवीस तासांत ६५ मिलिमीटर झाला की अतिवृष्टी.

"गारपिटीला पासष्ट लागत नाही बाबू. गारा पडल्या एवढं पुरते."

"पडल्या हे कोन सांगनार? महसूल मंडळाचं पावसाचं यंत्र खाली अकरा किलोमीटरवर हाय. तिथं थेंब नाई पडला. तुमीच म्हनता ना, मोजमाप कमी हाय? मंग वाढवा. तुमाले काय जाते?"

मला काय जातं, याचं उत्तर मला तेव्हा सुचलं नाही. त्याचं म्हणणं सगळं खोटं नव्हतं. आकडा कमी आहे हे मीच लिहिलं होतं. पण किती कमी ते मला माहीत नव्हतं, आणि जे माहीत नाही ते मी वहीत लिहीत नाही. "नाही जमणार," एवढंच म्हणालो. तो चहा न घेता गेला.

चौथ्या दिवशी पाहणीला माणूस आला. बर्फ कधीच गेला होता. उन्हाने पडलेली पानं अशी कुरकुरीत झाली होती की ती गारांनी पडली की पाण्याअभावी, हे न बघितलेल्याला कळू नये. तरुण होता, उद्धट नव्हता, फक्त दिवसाला पंधरा बागा बघायच्या होत्या. त्याने माझी वही मागितली, २४ मेवर बोट ठेवलं आणि पोराकडे बघून म्हणाला, "यांच्याकडे तर शून्य आहे."

आमच्या धंद्यात पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो. २४ च्या साडेआठपासून २५ च्या साडेआठपर्यंत जे पडलं ते २५ च्या नावावर लागतं. देशभर हीच पद्धत आहे. मला ती इतकी अंगवळणी पडलेली की पोराला अर्जात तारीख भरायला सांगताना हे बोलायचं मला सुचलंच नाही. मी त्या माणसाला समजावलं. खालची ओळ दाखवली, शेऱ्यातली वेळ दाखवली, फोटो दाखवला. त्याने मान हलवली, दोन्ही पानांचे फोटो घेतले, आणि म्हणाला, "पण काका, अर्जात तारीख २४ आहे, आणि तुमच्या वहीत नवतप्याच्या पहिल्या दिवशी पाऊस आहे." मी पुन्हा पहिल्यापासून समजावलं. पोरगा तेवढा वेळ बागेकडे तोंड करून उभा होता.

गावात मग दोन गट पडले. एका गटाचं म्हणणं, काकांनी पोराचं नुकसान केलं. दुसऱ्याचं, नवतपा तपला नाही, आता पावसाळा बिघडणार, आणि त्यालाही काका जबाबदार. भेंडवळच्या घटमांडणीत यंदा काय निघालं होतं हे सगळ्यांना तोंडपाठ होतं. तिथे घागरीखाली मातीची चार ढेकळं ठेवतात, पावसाच्या चार महिन्यांची, आणि कोणतं किती भिजलं त्यावरून सांगतात. तिथल्या ढेकळाला कोणी विचारत नाही की तारीख कोणती धरली.

दाव्याचं काय झालं ते अजून कळलेलं नाही. पोराने सोललेल्या फांद्या छाटून बोर्डो या बुरशीनाशकाची फवारणी केली, गोठ्यावर नवी टिनं टाकली. दोन आठवडे रस्त्यात दिसलो तर मान वळवायचा. नाल्यात नवरंग आला, पहाटे त्याची दोन सुरांची शीळ सुरू झाली, मृग लागला, तरी बोलणं नाही.

पहिला खरा पाऊस रात्रभर पडला. सकाळी साडेआठला मी बाहेर आलो तर तो पर्जन्यमापकापाशी उभा. रामराम नाही, काही नाही. मी बाटली काढली, ग्लासात ओतलं, सपाट फळीवर ठेवलं. तो गुडघे मोडून खाली बसला, एक डोळा मिटला आणि पाण्याच्या पातळीला दुसरा लावला.

"बारा पूर्णांक चार," तो म्हणाला. मग थोडं थांबून, "आन् हे आजच्या तारखेले ना?"

तेव्हापासून पाऊस पडला की येतो. आकडा आधी तो सांगतो, मग मी बघतो, मग लिहितो. एकदा ०.२ चा फरक पडला होता. त्याचं बरोबर होतं.