अल-काबची मळणी

आमच्या सहली नेण्याच्या धंद्यात इजिप्तमधलं लक्सर म्हणजे व्हॅली ऑफ द किंग्ज, म्हणजे राजांच्या थडग्यांची दरी, आणि तिथून पुढच्या एडफू गावाला जाताना मध्ये थांबायचं नाही, असा शिरस्ता. त्या दिवशी हातात वेळ होता, म्हणून आमच्या इजिप्शियन गाइडने बस अल-काबला वळवली. ग्रुपमध्ये बरेचसे बार्शी-करमाळ्याकडचे शेतकरी. आदल्या दिवशी राजांच्या थडग्यांतले साप आणि देव बघून कंटाळलेले. "अजून एक थडगं?" कुणीतरी विचारलंच.

डोंगराच्या कपारीत ओळीने थडगी कोरलेली आहेत. पायऱ्या चढून मागे पाहिलं की नेखेब या जुन्या नगराचा कच्च्या विटांचा अवाढव्य तट दिसतो. आम्ही शिरलो पाहेरीच्या थडग्यात. हा काही राजा नव्हे. तिसरा थुतमोस या राजाच्या काळातला, म्हणजे सुमारे 3,450 वर्षांपूर्वीचा नगरप्रमुख आणि धान्याचा हिशेब ठेवणारा कारकून. लांबट, कमानदार छताची एकच खोली, समोरच्या भिंतीत कोनाडा आणि त्यात तीन बसलेल्या मूर्ती: पाहेरी, बायको आणि आई. उजव्या भिंतीला नंतर कुणीतरी दार पाडलंय, चित्रं कापून. मला दरवेळी त्याचा राग येतो.

पण सगळे खिळले ते डाव्या भिंतीपाशी. नांगरट, पेरणी, कापणी, जवसाच्या पेंढ्या, मळणी, नावेत भरलं जाणारं धान्य. एक नांगर तर चक्क माणसंच ओढतायत. बार्शीकडचे एक काका चष्मा पुसून पुढे सरकले. "आरं, बैलं फिरत्यात, पण तिवडा कुठाय?" खरंच, मधला खांब चित्रात नाही; माणूस मागून बैल हाकतोय. बैलांच्या वर गाणं कोरलंय. गाइड वाचायचा, मी मराठीत सांगायचो: मळा रे बैलांनो, तुमच्याचसाठी मळा; कडबा तुम्हाला, दाणे धन्याला. इजिप्तची चित्रलिपी उलगडणाऱ्या शांपोलियन या फ्रेंच पंडिताने 1829च्या सुमारास हे इथेच वाचलं होतं. "म्हंजी धनी तवापास्नं असाच," काका म्हणाले.

गोणी वाहणाऱ्यांची कुरकुरही लिहिलेली आहे: कोठारं भरून वाहतायत, नावा जड झाल्या, तरी आम्हाला पिटाळताय, आमची काळजं काय तांब्याची आहेत? पाहेरीने स्वतःच्या थडग्यात मजुरांचं गाऱ्हाणं राहू दिलं, याचं मला फार कौतुक वाटतं.

शेजारीच त्याच्या आजोबांचं, आहमोस इबानापुत्राचं थडगं. उत्तर इजिप्तवर राज्य करणाऱ्या परक्या हिक्सोसांविरुद्ध, त्यांच्या अवारिस या राजधानीला लढलेला हा नौसैनिक. त्याची सगळी कारकीर्द भिंतीवर लिहिलेली आहे आणि इतिहासाला त्याचं मोल जास्त. पण तिथे मी जेमतेम पाच मिनिटं बोललो असेन. निम्मी मंडळी अजून पाहेरीकडेच होती.

तिथे बायकांनी मेजवानीची भिंत ताब्यात घेतली होती. तिथली एक पाहुणी म्हणते, मला अठरा पेले दारू दे, घसा कोरडा पडलाय. हे सांगितल्यावर जो हशा पिकला, तो बसमध्येही चालू राहिला. एडफूला जेवायला बसलो तेव्हा एका काकूंनी वेटरकडे पाणी मागितलं, आणि मागून कुणीतरी ओरडलं, "अठरा!"