शिशाचं काम प्रोटॉनांनी केलं

नाही काका, इथे अणुभट्टी नाही! पुण्याहून फोनवर 'तिथे अणुभट्टी आहे ना?' असं विचारलं की पहिला खुलासा हाच. एलएचसीत, म्हणजे सर्न प्रयोगशाळेच्या कण आदळवणाऱ्या भुयारी यंत्रात, प्रोटॉन जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने समोरासमोर आदळतात आणि त्या ऊर्जेतून नवे कण जन्मतात, एवढंच. आमचा ॲलिस प्रयोग जिनिव्हाजवळ, पण फ्रान्सच्या हद्दीत, सँ-जनी-पुयी गावात जमिनीखाली पन्नासेक मीटरवर आहे. मीही याच गावात राहते. स्वित्झर्लंडची घरभाडी माझ्या फेलोशिपला झेपणारी नाहीत.

माझं काम 'स्ट्रेंज' कण मोजायचं. प्रोटॉनसारखे कण क्वार्क नावाच्या छोट्या घटकांचे बनतात, आणि ज्यात 'स्ट्रेंज' जातीचा क्वार्क असतो तो स्ट्रेंज कण. कंट्रोल रूमच्या पडद्यावर ते बघण्यासारखे असतात. त्यातल्या लॅम्डा कणाला विद्युतभार नाही, म्हणून त्याची रेघ उमटतच नाही. काही सेंटिमीटर गेल्यावर तो फुटतो आणि रिकाम्या जागेतून एकदम दोन रेघा फाकतात, एक प्रोटॉनची, एक पायॉन नावाच्या हलक्या कणाची. रोचेस्टर आणि बटलर या शास्त्रज्ञांना १९४७ मध्ये मँचेस्टरला क्लाउड चेंबरच्या (कणांची वाट वाफेच्या थेंबांतून दाखवणाऱ्या पेटीच्या) फोटोत असाच फाटा दिसला होता. दोन्ही रेघांच्या संवेगावरून आम्ही मूळ कणाचं वस्तुमान काढतो. ते १.११६ जीईव्हीच्या (कणांचं वस्तुमान मोजायचं एकक) आसपास आलं तर लॅम्डा असण्याची शक्यता. योगायोगाने जुळलेल्या जोड्याही ढीगभर. त्या वजा करण्यातच खरा घाम निघतो.

आता गंमत ऐका. स्ट्रेंज कण वाढले तर ती क्वार्क-ग्लुऑन प्लाझ्माची, म्हणजे क्वार्क आणि त्यांना बांधणारे ग्लुऑन सुटे होऊन बनलेल्या अतितप्त रश्शाची खूण, असं राफेल्स्की आणि म्युलर या शास्त्रज्ञांनी १९८२ मध्ये सुचवलं. प्लाझ्मा हवा तर शिशाची अणुकेंद्रकं आदळायची. प्रोटॉन बिचारे तुलनेपुरते. पण २०१७ मध्ये ॲलिसने दाखवून दिलं की ज्या प्रोटॉन-टकरींतून खूप कण बाहेर पडतात, तिथेही पायॉनांच्या मानाने स्ट्रेंज कणांचं प्रमाण चढत जातं. कणात स्ट्रेंज क्वार्क जितके जास्त, तितकी चढण उभी. तीन स्ट्रेंज क्वार्कांच्या ओमेगाची सगळ्यात उभी! कणांची सर्वाधिक गर्दी असलेल्या टकरींत तर आकडे थेट शिशाच्या पातळीला टेकतात.

मग प्रोटॉनांतही प्लाझ्माचा थेंब तयार होतो का? जेवणाच्या टेबलावर यावरून दोन तट पडतात. एक म्हणतो, होतो. क्वार्कांना बांधणाऱ्या बलाच्या तारा एकमेकींवर चढून जाड दोर झाला, तरी जास्त स्ट्रेंज क्वार्क निघू शकतात, असं दुसऱ्या तटाचं म्हणणं. मला ते सहज उडवून लावण्यासारखं वाटत नाही. जुलै २०२५ मध्ये एलएचसीत ऑक्सिजनची केंद्रकंही आदळली. प्रोटॉन आणि शिसं यांच्या मधलं माप. त्यातल्या ओमेगांचे आकडे बघायला मी उतावीळ झालेय.