डब्याला हात लागला पाहिजे

अमेरिकेतल्या हॅल्कॉट डोंगराच्या माथ्यावरून काहीही दिसत नाही. झाडं दिसतात, झाडांमागे झाडं दिसतात, आणि एका खोडाला अडकवलेला डबा दिसतो. डब्यात सर्दावलेली वही आणि पेन्सिल. नाव लिहायचं, तारीख घालायची, झाकण आवळायचं आणि आल्या वाटेने, म्हणजे नसलेल्या वाटेने, खाली उतरायचं.

ऑगस्टातल्या एका दुपारी मी तिथे दशमी आणि शेंगदाण्याची चटणी खात बसले होते. एक उंच पोरगा घामाघूम होऊन झाडीतून वर आला, चारी दिशांना मान फिरवली आणि मला म्हणाला, "हेच का?" मी म्हटलं, हेच. त्याने वहीत नाव लिहिलं, दोन घोट पाणी प्यायला आणि गेला. मला उगाचच ओशाळल्यासारखं झालं, जणू डोंगर माझ्या मालकीचा होता.

न्यूयॉर्क राज्यातल्या कॅट्सकिल डोंगरांत साडेतीन हजार फुटांवरची शिखरं चढणाऱ्यांचा एक क्लब आहे, 1962 सालचा. झाडांना अडकवलेले डबे त्याचेच. यादीतली सगळी शिखरं एकदा करायची, शिवाय स्लाइड, ब्लॅकहेड, बाल्सम आणि पँथर ही चार पुन्हा हिवाळ्यात. हिवाळा म्हणजे पंचांगातला हिवाळा. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात गुडघाभर बर्फातून गेलात तरी तो धरत नाहीत. हे सगळं झालं की बॅगेवर शिवायला एक कापडी बिल्ला मिळतो. साडेतीन हजारच का, असं विचारू नये. साडेतीन मुहूर्त आणि साडेतीन शक्तिपीठं मानणाऱ्यांनी तर मुळीच विचारू नये.

पुण्याहून फोन आला की भाऊ विचारतो, "किती उंच?" इथलं सगळ्यांत उंच स्लाइड सुमारे 4,180 फूट. कळसूबाई 5,400. पुढे बोलायला काही उरत नाही. शिवाय कळसूबाईवर देऊळ आहे, घंटा आहे, वारा आहे, रविवारी लिंबू सरबतवाला आहे. स्लाइडवरून निदान काही दिसतं तरी. यादीच्या तळाशी जी मंडळी आहेत, हॅल्कॉट, रॉकी, शेरिल, फर, त्यांच्याकडे तेवढंही नाही. एकाला तर स्वतःचं धड नावसुद्धा नाही. हंटर डोंगराच्या नैर्ऋत्येला आहे म्हणून साउथवेस्ट हंटर. त्याच्याकडे जाताना लाकूडतोडीच्या काळातल्या जुन्या रेल्वेमार्गाची सपाटी लागते. रूळ कधीच गेले, सपाटी राहिली. चढणाऱ्याला तेवढंच सुख.

मला ही तळाची मंडळीच आवडतात. का, ते सांगायचा प्रयत्न करते.

कॅट्सकिल हे खरं तर डोंगर नव्हेतच. आडव्या थरांचं एक मोठं पठार होतं, ते नद्यांनी कापून काढलं. सह्याद्रीतल्या माणसाला हे वेगळं शिकवावं लागत नाही. दगड निराळा, तिथे बेसॉल्ट आणि इथे वालुकाश्म, पण पाण्याची करामत तीच. त्यामुळे दम लागेपर्यंत चढून गेलं की वर टोक नसतंच. सपाट, ऐसपैस रान असतं. खाली हॉबलबुश नावाचं झुडूप, ज्याच्या फांद्या वाकून जमिनीला टेकतात आणि टेकतील तिथे मूळ धरतात, म्हणजे पाय अडकायला फासे तयारच. मधूनच अंगाला लागलं की तासभर आग होणारं नेटल. रॉकीसारख्या ठिकाणी फर आणि स्प्रूस या सुईसारख्या पानांच्या झाडांची इतकी दाटी की हात डोळ्यांपुढे धरून खांद्याने वाट काढावी लागते, आणि वाळक्या सुया मानेवरून आत जातात त्या थेट घरच्या न्हाणीत बाहेर पडतात. या गर्दीत सगळ्यांत उंच बिंदू कुठला? दहा पावलं इकडे की तिकडे? डोळ्यांना कळत नाही. फोनवरचा नकाशा एक सांगतो, बरोबरच्याचा फोन दुसरं. मग झाडाला डबा दिसतो आणि प्रश्न मिटतो. दगडाला शेंदूर फासला की तो देव, तसं झाडाला डबा अडकवला की ते शिखर.

एकदा रॉकीवर एक मैत्रीण, फोनवर नकाशाचा ठिपका जुळल्यावर, म्हणाली, "आलो की. डबा असेल इथेच कुठेतरी. चल उतरू." मी ऐकलं नाही. डब्याला हात लागला पाहिजे. तिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती मला ओळखीची होती, कारण लहानपणी मी आजीकडे त्याच नजरेने पाहिलेलं आहे.

आजी अष्टविनायकाला निघाली तेव्हा तिच्याबरोबर मला धाडलं होतं. आळीतल्या बायकांनी मिळून ठरवलेली बस, डब्यांतून दशम्या आणि लिंबाचं लोणचं. आजीचा नियम पक्का होता. सुरुवात मोरगावला, आठ झाले की पुन्हा मोरगाव, तरच यात्रा पुरी. ड्रायव्हर म्हणाला, "ओझर जवळ आहे, आधी तिकडं घेतो." आजीने त्याला असं काही सुनावलं की तो चहासुद्धा न घेता मोरगावकडे वळला. सिद्धटेकला देवळापुरती प्रदक्षिणा पुरत नाही, सगळ्या टेकडीला वळसा घालायचा, म्हणून मला उन्हातून ओढत नेलं. लेण्याद्रीला तीनशेच्या आसपास पायऱ्या. एका काकूंचे गुडघे दुखत होते, त्या बसमध्येच बसल्या आणि खिडकीतून डोंगराकडे बघून हात जोडले. आजी वर जाऊन, दर्शन घेऊन, धापा टाकत खाली आली आणि माझ्या कानाशी लागून, पण सगळ्या बसला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "हिचे सातच धरायचे."

काकूंनी पुढचे दोन मुक्काम आजीशी बोलणं टाकलं. चूक आजीचीच होती, असं मला तेव्हा वाटलं आणि अजूनही वाटतं. पण रॉकीवर कपाळाला खरचटून घेत मी तो डबा शोधलाच.

यादी करणारेही काही फार कडक असतात असं नाही. उत्तरेकडे ॲडिरॉन्डॅक डोंगरांत चार हजार फुटांवरच्या 46 शिखरांची यादी आहे. मार्शल बंधू आणि त्यांचा वाटाड्या हर्बर्ट क्लार्क यांनी ती सगळी 1925 पर्यंत पालथी घातली. पुढे नव्याने मोजणी झाली तेव्हा त्यांतली चार भरली चार हजारांच्या आत: ब्लेक, क्लिफ, नाय आणि उच्चारतानाच दमवणारं एक चौथं, ते तर 3,820 फुटांचं. तरी यादी बदलली नाही. लोक आजही त्या चौथ्यासाठी दलदल तुडवत जातात. आजीला हे पटलं असतं. पहिल्यांदा ठरलं ते ठरलं.

कॅट्सकिलची यादी मात्र बदलली. आधी 35 शिखरं होती. त्यांतली डबलटॉप आणि ग्रॅहॅम खासगी जमिनीवर. मालकांना विचारून जाता येत असे. 2021 मध्ये त्यांनी ते बंद केलं आणि क्लबने दोन्ही गाळून यादी 33 वर आणली. मी ग्रॅहॅमला त्याआधी परवानगी काढून जाऊन आले होते. वर एका पडक्या टॉवरचा सांगाडा आणि एक मोडकी खोली आहे, म्हणजे या मंडळींत तसं ते श्रीमंतच. आता माझ्या वहीत ते एक नाव जास्तीचं आहे. खोडायचं का? खोडलेलं नाही. आजीने बहुधा आधी हेच विचारलं असतं की मालकाचं एवढं काय बिघडलं होतं, आणि मग त्याच्याशी जाऊन भांडली असती.

पँथर अजून हिवाळ्यात व्हायचंय. बुटांखाली बांधायच्या काट्यांच्या पट्ट्या मैत्रिणीकडे आहेत, आणि ती अजून रॉकीवरचं विसरलेली नाही.