शेड कधी उचलली?

मी सांगलीची. आमच्याकडे पावसाळ्यात 'जेवलात का'च्या आधी 'आयर्विनला किती फूट?' विचारतात, म्हणजे कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी किती चढलं. 2019 ला त्या पुलापाशी पाणी 57 फुटांवर गेलं, तेव्हा बाबांनी जिन्याच्या भिंतीवर खिळ्याने रेघ ओढून ठेवली. त्यामुळे पूरखूण म्हटलं की मी जरा हळवी होते, हे आधीच सांगते.

ऑस्ट्रेलियात मी सर्वेक्षक आहे. पुराच्या अभ्यासासाठी गंडगाईला गेले होते, घरांच्या जोत्यांच्या पातळ्या घ्यायला. सिडनीपासून नैऋत्येला साधारण 390 किलोमीटर, मरमबिजी नदीकाठचं दोनेक हजार वस्तीचं गाव. एक तुकडा उत्तरेच्या उतारावर, दुसरा दक्षिणेला, आणि मधे नदी नि नुसतं सपाट गवत. त्यावरून जुना लाकडी रेल्वेपूल गेलाय. नवख्याला वाटेल, एवढी जागा मोकळी का सोडली? तर मूळ गाव तिथेच होतं. 1838 साली सरकारने चौकटी आखून प्लॉट पाडले. तिथले मूळचे विराजुरी लोक सांगत होते की इथे पाणी येतं. 1844 ला आलंही. लोकांनी जागा बदलून मागितल्या, त्या मिळाल्या नाहीत. जून 1852 मध्ये एका रात्रीत अडीचशेच्या वस्तीतले किमान 78 जण पुरात गेले. यारी, जॅकी जॅकी आणि इतर विराजुरी पुरुषांनी होड्या घालून साठहून जास्त माणसं काढली. यारीची होडी झाडाच्या सालीची होती. पुढच्या वर्षी पाणी पुन्हा चढलं, तेव्हा कुठे गाव हललं. प्लॉट पाडणारे आमच्याच धंद्यातले, म्हणून हे जास्त लागतं.

दक्षिण गंडगाईत एका आजोबांनी पत्र्याच्या शेडचं दार उघडून दाखवलं. आतल्या बाजूला सुताराच्या पेन्सिलीची जाड रेघ, शेजारी '74'. 1974 च्या पुराची अशी खूण म्हणजे घबाडच! मोजणीच्या काठीवरचा बुडबुडा मध्यावर आणून, म्हणजे काठी सरळ उभी करून, मी उंबऱ्याची पातळी तीनदा घेतली, तिथून टेपने रेघ मोजली. आमच्या संगणकावरच्या पूर-मॉडेलने काढलेल्या पातळीपेक्षा 38 सेंटिमीटर वर. एवढा फरक चालत नाही. टीमप्रमुख फोनवर म्हणाला, "क दर्जा लाव, पुढे चल." म्हणजे खूण भरवशाची नाही. म्हाताऱ्यांच्या खुणा त्याला नेहमीच कटकट वाटतात, स्वतः तो कधी कुणाच्या शेडमध्ये वाकून गेलेला नाही. मीही निमूटपणे 'क' टाकला.

महिनाभराने रात्री फोटो चाळताना रेघेऐवजी खाली लक्ष गेलं. शेडखाली विटांचे चार थर होते, आणि विटा शेडपेक्षा नव्या. आजोबा त्या दिवशी काहीतरी म्हणाले होते: "वी जॅक्ड हर अप आफ्टर." शेजारी त्यांची गाडी उभी होती, मला वाटलं पुरानंतर गाडी जॅकवर घेतली. इथे गाडी, होडी, शेड, सगळ्याच 'ती', हे दहा वर्षं राहून मला माहीत नव्हतं असं नाही.

सकाळी फोन केला. "शेड कधी उचलली?"

"चौऱ्याहत्तरनंतरच की. सांगितलं होतं तुला."

इथली वीट 76 मिलिमीटर उंच, मधला मालाचा थर 10. चार थर म्हणजे 34.4 सेंटिमीटर. उरले चारही नाहीत. आमच्या कामात याला तंतोतंत म्हणतात. अहवाल मात्र तोवर गेला होता. दुरुस्ती पुढच्या आवृत्तीत करू म्हणतात. पुढची आवृत्ती कधी, ते कुणी म्हणत नाही.

संध्याकाळी बाबांना विचारलं, जिन्यातली रेघ आहे ना अजून?

"आहे की. खाली ग्रॅनाइट बसवलंय फक्त."

"किती जाडीचं?"

"आता ते कोण मोजतंय?"

मोजायला लावलं. खालच्या मालासकट दोन इंच.