व्हायोलिनची गत म्यूझस्कोरवर उतरवताना

म्यूझस्कोर, म्हणजे पाच रेघांच्या स्टाफवर स्वर लिहायचं सॉफ्टवेअर, फुकट मिळतं आणि व्हायोलिनच्या कामाला पुरेसं आहे. पण ते उघडण्याआधी सा ठरवून टाका. लिहायला हार्मोनियमची पांढरी दोन, म्हणजे डी, सगळ्यात सोयीची. तारा मुळात जी-डी-ए-ई. प-सा-प-सा जुळणीत पांढरी दोनला त्या ए-डी-ए-डी होतात: मधल्या दोन तशाच, जाड तार एक पूर्ण स्वर चढवायची, बारीक तेवढीच उतरवायची. बेळगाव-खानापूरकडे शेजारी बसलेला वादक कर्नाटक पद्धतीचा असू शकतो आणि त्याच्या तारा सा-प-सा-प असतात. म्हणून जुळणी कागदाच्या डोक्यावरच लिहा. गाणाऱ्याची पट्टी काळी पाच असली तरी लेखन डीमध्येच ठेवा, वर फक्त 'सा = काळी पाच'. बोटं तीच राहतात.

की सिग्नेचर (ओळीच्या सुरुवातीची चिन्हं) कायम दोन शार्पची (अर्धा स्वर चढवणाऱ्या चिन्हांची) घ्या, राग भैरव असो की तोडी. मग चिन्ह नसलेला प्रत्येक स्वर शुद्ध. कोमल रे आणि ध यांना फ्लॅट (अर्धा स्वर उतरवणारं), कोमल ग आणि नि यांना नॅचरल (शार्प रद्द करणारं), तीव्र मध्यमाला शार्प. एकच खोड लक्षात ठेवा: स्टाफवरचं चिन्ह बारलाइनपर्यंतच, म्हणजे त्या बारच्या (खणाच्या) शेवटच्या उभ्या रेघेपर्यंतच, आणि त्याच सप्तकापुरतं चालतं.

तीनतालाला 16/4 चा एकच लांबलचक बार करू नका. 4/4 चे चार बार म्हणजे तालाचं एक आवर्तन (पूर्ण फेरी), एका ओळीत एक. त्यांच्यावर कंट्रोल-टीने X (सम, पहिली मात्रा), 2, 0 (खाली), 3 लिहा. मसीतखानी (विलंबित) गतीत इथेच घोळ होतो. मुखडा (समेवर नेणारा सुरुवातीचा तुकडा) बाराव्या मात्रेपासून, म्हणजे पाच मात्रांचा. म्हणून सुरुवातीचा अपुरा बार पाच मात्रांचा ठेवला की खुणा सरकतात. बारावी मात्रा खालीच्या विभागातली शेवटची. तेव्हा अपुरा बार एका मात्रेचा, त्यानंतर 13 ते 16 चा पूर्ण बार, मग सम. त्या पूर्ण बारची बारलाइन निवडून एंटर दाबा, ओळ तिथे तुटेल. 'दर चार बारनंतर ओळ तोडा' ही सोय समेपासून पुढचं निवडूनच वापरा. पहिल्यापासून लावलीत तर प्रत्येक ओळीची सम चुकीच्या जागी जाते. रूपक तालाला 7/4 घेऊन 3+2+2 असे गट पाडा, नाहीतर अर्ध्या मात्रेचे (आठव्या भागाचे) स्वर विभागाची सीमा ओलांडून एकमेकांना चिकटतात.

आता कमान. भातखंडे लिपीत, म्हणजे हिंदुस्थानी संगीताच्या स्वरलिपीत, स्वरांवरची कमान म्हणजे मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं). स्टाफवर तीच खूण एका गजात (गजाच्या एका ओढीत) वाजवा असं सांगते. दोन्हीसाठी एकच कमान वापरली तर वाचणारा फसतो, आणि चूक लक्षात यायला वेळ लागतो, कारण मींडही बहुधा एकाच गजात असते. कमान (कळ एस) गजासाठी राखा, मींडेला ग्लिसांडोची रेघ द्या आणि तिच्यावर उमटणारा मजकूर बंद करा. कणस्वराला (मुख्य स्वराला ओझरता लागणारा स्वर) तिरपी रेघ मारलेला छोटा स्वर, कळ '/'. दरबारी रागातल्या गंधाराचं आंदोलन (संथ हेलकावा) मात्र कुठल्याच चिन्हात नीट बसत नाही. तिथे सरळ 'आंदोलित' असं लिहावं.

स्वराक्षरं गीताच्या ओळीत टाका: कंट्रोल-एल, अक्षर, मग स्पेस. लिहिताना एंटर दाबलं की दुसरी ओळ उघडते. पहिली ओळ देवनागरी, दुसरी कन्नड, असा एकच कागद मराठी आणि कन्नड, दोन्ही घरांत चालतो. फक्त आपला 'रे' तिकडे 'रि' होतो. मंद्र-तार सप्तकांच्या बिंदूंच्या नादी लागू नका, अक्षराच्या खाली-वर ते वेडेवाकडे बसतात. सप्तक स्टाफवर दिसतंच. कोमलची आडवी रेघ मात्र कंट्रोल-यूने जरूर द्या. देवनागरीसाठी स्टाइलमध्ये नोटो सान्स देवनागरी निवडा, कन्नड ओळीला तिचा वेगळा फॉन्ट.

गजाची दिशा प्रत्येक स्वरावर नको. सम आणि मुखड्याचा पहिला स्वर एवढ्यावर पुरे. तारेचा गोलातला आकडा जास्त कामाचा, कारण मधला प मोकळ्या तारेवरही वाजतो आणि सा च्या तारेवर बोट ठेवूनही. मोकळ्या तारेवर मींड येत नाही.

दुसऱ्याला मूळ फाइल पाठवलीत आणि त्याच्या संगणकावर तो फॉन्ट नसला, तर स्वराक्षरांची मांडणी बिघडते. वाचायला पीडीएफ द्या. मूळ फाइल फक्त बदल करणाऱ्याला, सोबत दोन्ही फॉन्टची नावं.