राखाडी भिंतीची संगत

हॉलच्या भिंतीला मध्यम राखाडी रंग द्यायचा म्हटलं की घरातला पहिला शेरा ठरलेला : "सुतकी दिसेल." दुसरा शेजारच्या काकूंचा, तोही रंग देऊन झाल्यावर. "प्लास्टर मस्त झालंय हो! आता रंग कधी काढताय?"

भिंत म्हणजे उजळच, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलंय. आधी चुन्यात नीळ, मग पिस्ता नाहीतर क्रीम डिस्टेंपर. पायाखाली मात्र राखाडी चालतो. शहाबादी फरशीवर पंगतीच्या पंगती उठल्या, तेव्हा कुणाला सुतक आठवलं नाही.

राखाडीची खरी अडचण वेगळीच आहे. तो एकटा येत नाही. शेडकार्डावर शेजारचे पाच चौकोन सारखेच वाटतात. भिंतीवर चढले की एक निळसर, एक हिरवट, एक चक्क वांगी. दुकानातलं मशीन बेसमध्ये, म्हणजे डब्यातल्या मूळ रंगात, काळ्यासोबत निळ्या, पिवळ्या, लाल रंगाचे चार-दोन थेंब सोडतं, ते इथे उघडे पडतात. त्यात आपल्याकडे 6500 केल्विनची पांढरीफेक ट्यूब. तिच्या उजेडात निळसर राखाडी म्हणजे थेट सरकारी दवाखाना. 2700 च्या पिवळ्या दिव्यात तीच भिंत इतकी निवळते की पेंटरवर उगाच डाफरलो असं वाटावं. म्हणून छोटा डबा आणून, भिंतीवर दोन फुटांचा चौकोन दोन हात मारून, रात्री बघावा. शेड आपण दुकानात भरदुपारी निवडतो आणि भिंत बघतो रात्री जेवताना.

शिवाय शेजारचे रंग. भिंतीवर टांगायची चित्रं विणणाऱ्या पॅरिसच्या गोब्लँ कारखान्यात शेव्रल नावाचे रसायनशास्त्रज्ञ रंगाई सांभाळायचे. काळा रंग फिका पडतो, अशी तक्रार त्यांच्याकडे आली. तपासलं तर रंग चोख होता. बाजूच्या धाग्यांच्या रंगांमुळे तो तसा दिसत होता. त्यावर त्यांनी 1839 मध्ये मोठा ग्रंथच काढला. राखाडी तर याबाबतीत फारच कानाचा हलका. लालभडक सोफा टेकवला की लगेच हिरवट झाक मारायला लागतो.

पण हाच गुण आपल्या घरात कामाला येतो. आपल्याकडे भिंतीपेक्षा वस्तूच रंगीत. क्रीम भिंतीपुढे पितळेची समई हरवून जाते. राखाडीपुढे तिच्या दांड्यावरचा प्रत्येक गोल कंगोरा वेगळा दिसतो, चिंचेनं घासायचं राहून गेलेली खाचसुद्धा. गणपतीत मागे पडदा लावायची गरज नाही. झेंडूच्या चार माळा सोडल्या की झालं.

चारही भिंतींना मात्र देऊ नये. पडलेल्या प्रकाशातला किती टक्के भाग भिंत परत देते, त्या आकड्याला एलआरव्ही म्हणतात. पांढऱ्याचा 80 च्या वर असतो, मध्यम राखाडीचा साधारण 30 ते 50. पहिल्या मजल्यावरच्या, समोर दुसरी इमारत असलेल्या फ्लॅटमध्ये मग दुपारीही दिवे लावून बसा.

धूळ या रंगावर खपून जाते, खुर्चीचं घासणं नाही. आतली पुट्टी पांढरी रेघ होऊन बाहेर डोकावते. त्यासाठी उरलेला रंग बाटलीत भरून ठेवावा आणि वर शेडचा नंबर लिहावा. नुसतं "तो मधला राखाडी द्या" म्हणालात, तर दुकानदार हमखास सहावाच काढून देतो.