अंगावर मुकुट असताना

रविवार. वन्सं मुलांना घेऊन सुट्टीला आल्यात, म्हणून सगळी वरात बडोद्याच्या कमाटी बागेतल्या संग्रहालयात. मुलांना रस व्हेलच्या सांगाड्यात आणि इजिप्तच्या ममीत, दोन्हीकडे ढकलाढकली. मी हळूच अकोट्याच्या धातुमूर्तींकडे सटकले.

अकोटा म्हणजे आपल्या विश्वामित्री नदीपलीकडचंच. १९५१च्या सुमारास तिथे जमिनीखालून ६८ जैन मूर्ती निघाल्या, उमाकांत शाहांनी त्यांवर आख्खा ग्रंथ लिहिला. त्यातला जीवंतस्वामी मला फार आवडतो. हा महावीरच, पण दीक्षेआधीचा. श्वेतांबर कथेत आई-वडील गेल्यावर तो घर सोडायला निघतो, तर थोरला भाऊ नंदिवर्धन म्हणतो, आत्ताच नको. मग दोन वर्षं वाड्यातच राहतो, ध्यान करत.

म्हणून मूर्ती उभी आहे कायोत्सर्गात, म्हणजे ध्यानाच्या उभ्या मुद्रेत, हात सरळ खाली सोडलेले, पण डोक्यावर मुकुट, कानांत कुंडलं, दंडात बाजूबंद, कमरेला नीट नेसलेलं धोतर. वन्सं मागून येऊन म्हणाल्या, "वहिनी, हा तर आपल्या रामासारखा दिसतो हो." दिसतोच. नग्न मूर्तीत वैराग्य आपसूक कळतं, तिथे टाकायचं ते टाकून झालेलं असतं. इथे सगळं जडजवाहीर अंगावर ठेवून कारागिराला दाखवायचंय की आतला माणूस यात कुठेच गुंतलेला नाही. हाताशी काय, तर शांत चेहरा आणि ते सैल सोडलेले हात. कमाल आहे त्याची!

आणि घडण तरी कशी! आधी मेणाची मूर्ती, तिच्यावर मातीचे लेप. आच दिली की मेण वितळून वाहून जातं आणि त्या पोकळीत तापलेला रस ओततात. शेवटी साचाही फोडायचा. आत्मा आणि पुद्गल, म्हणजे जड द्रव्य, यांवर तासन्‌तास प्रवचनं देणाऱ्यांनी एकदा ओतकाम बघून यावं, निम्मं बोलणं कमी होईल.

इथल्या एका जीवंतस्वामीच्या बैठकीवर सहाव्या शतकातला लेख आहे: चंद्रकुल या साधुपरंपरेतल्या एका श्राविकेचं दान. म्हणजे संसारातली बाई. तिला तीर्थंकर हवा होता तो अजून घरात असलेला, दागिन्यांसकट. मला तिचं म्हणणं पटतं.